मेंढ्याची बाजू

"तुमच्याकडे म्हणे हमरस्त्याला पाच मजली मेंढा बांधून ठेवलाय आणि लोक गाड्या थांबवून त्याच्यासोबत फोटो काढतात. काय रिकामटेकडे लोक आहेत!" हे वाक्य, थोड्याफार फरकानं, मी गेल्या काही वर्षांत इतक्या तोंडून ऐकलंय की एकदाचं त्याला उत्तर लिहून ठेवावं म्हणते. म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवली की काम झालं. :)

तर मंडळी, हा मेंढा गोलबर्नचा. सिडनीहून कॅनबेराला निघालं की साधारण दोनशे किलोमीटरवर गोलबर्न लागतं. समुद्रकिनारा सोडून आत वसलेलं ह्या देशातलं हे पहिलं 'शहर', पण आकारानं आजही आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढंच. १९८५ साली अटिला आणि लुई मोकानी ह्या भावांनी तिथे काँक्रीटचा मेरिनो मेंढा बांधला. उंची १५.२ मीटर, लांबी १८ मीटर, वजन ९७ टन. जवळपासच्याच कळपातल्या रॅम्बो नावाच्या खऱ्याखुऱ्या मेंढ्यावरून बेतलेला, म्हणून ह्यालाही सगळे रॅम्बोच म्हणतात. पोटात लोकरीचं प्रदर्शन आणि दुकान, आणि वर चढून त्याच्या डोळ्यांतून बाहेर बघायची सोय बांधतानाच केलेली. मानेवरच्या लोकरीच्या वळ्या अगदी मन लावून काढल्यात. मागच्या बाजूची नरपणाची खूण घडवतानाही कारागिरांनी हात जराही आखडता घेतलेला नाही, तेव्हा मागून काढलेला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी (मावशी, हे तुला उद्देशून) नीट बघून घ्यावा.

असे अवाढव्य प्राणी ह्या देशात रस्तोरस्ती आहेत. किंग्स्टनला लॉबस्टर, बॅलिनाला कोळंबी, स्वान हिलला मरे नदीतला कॉड मासा. शिवाय फळंही आहेत. १९६४ साली कॉफ्स हार्बरला एका केळीवाल्यानं आपल्या स्टॉलपाशी गाड्या थांबाव्यात म्हणून भलंमोठं केळं उभं केलं आणि मग ही लाटच आली. इथले लोक ह्या सगळ्यांना मिळून 'बिग थिंग्ज' म्हणतात. मोठ्या वस्तू. इतकं साधं नाव दुसऱ्या कुठल्या कलाप्रकाराला असेल असं मला वाटत नाही.

ह्यांच्यावरचे आक्षेप ठरलेले आहेत. बटबटीत आहेत. कलात्मक मूल्य शून्य. नुसती जाहिरातबाजी. आणि आपल्या सिडनीकर मराठी मित्रमंडळात वाइनचा दुसरा ग्लास झाला की हमखास येणारा शब्द: 'किच'. मला ह्यातल्या एकाही शब्दाचा राग येत नाही. राग येतो तो त्या शब्दांच्या मागच्या गुर्मीचा. ज्यांचं पोट पगारावर चालतं त्यांनी, ज्यांचं पोट मेंढीवर चालतं त्यांना, सौंदर्यदृष्टी शिकवायची, ही ती गुर्मी.

जाहिरात आहे हे तर खरंच. कोण नाही म्हणतंय? पण ही जाहिरात आपण जाहिरात असल्याचं लपवत नाही. 'इथे थांबा, आमच्याकडे लोकर आहे, चहा आहे, संडास आहे' एवढंच ती सांगते. आमच्या ऑफिसच्या लॉबीत एक स्टीलचं वेटोळं आहे. त्याच्याखाली 'संवाद' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय. तीही जाहिरातच आहे, फक्त कशाची ते विचारायची सोय नाही.

पण खरा मुद्दा हा नाही. खरा मुद्दा समजायला रॅम्बो बांधला त्या सालाकडे बघायला हवं.

हा देश मेंढीच्या पाठीवर बसून चालतो, अशी इथे जुनी म्हण आहे. ती अतिशयोक्ती नव्हती. कोरियाच्या युद्धाच्या वेळी, १९५०-५१ साली, लोकरीचा भाव पौंडाला एक पौंड असा चढला होता, म्हणजे एक पौंड वजनाला एक पौंड रोख. पुढे भाव खाली-वर होऊ लागले तेव्हा १९७० च्या दशकात लोकरीला किमान भाव बांधून देण्याची योजना आली. बाजारात त्या भावाला गिऱ्हाईक नसेल तर माल सरकारमान्य मंडळ विकत घेणार. रॅम्बो उभा राहिला तो ह्या भरवशाच्या काळात. १९८८ साली हा किमान भाव किलोला ८७० सेंटवर नेऊन ठेवला. शेतकऱ्यांनी कळप वाढवले. देशातल्या मेंढ्या १७ कोटींवर गेल्या. आणि गिऱ्हाईक गळालं. १९९० मध्ये भाव ७०० सेंटवर आणला, तरी मंडळाकडच्या गाठी वाढतच गेल्या, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये योजनाच गुंडाळली. गोदामांमध्ये ४७ लाख गाठी पडून होत्या. त्यातली शेवटची गाठ विकली जायला २००१ साल उजाडलं. मधल्या काळात कळप कमी करायचे म्हणून शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी लाखो मेंढ्या गोळ्या घालून खड्ड्यांत पुरल्या. विकायला नेण्याचं भाडंही सुटत नव्हतं.

मी विदर्भातल्या कापसाच्या गावची. हे सगळं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मेंढी दिसलीच नाही, आमच्या जिनिंगसमोरच्या गाड्यांची रांग दिसली. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना, तो ग्रेडर, तो मापारी, आणि चुकाऱ्याची वाट बघत उधारीवर काढलेली दिवाळी. आमचीही योजना पुढे तोट्यात रुतत गेली आणि बंद पडली. आम्हीही कापसाला पांढरं सोनं म्हणायचो. मामा, तुम्हाला तर हे मी सांगायला नकोच.

आता गोलबर्नकडे परत. लोकरीचा बाजार बसला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, सिडनीहून मेलबर्नला जाणारा ह्यूम महामार्ग गावाबाहेरून वळवला. ज्यांनी हायवेवरच्या गावात दुकान चालवलंय त्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गाड्या वाजतात, दिसतात, पण थांबत नाहीत. चहावाला, टायरवाला, लॉजवाला, सगळे एकदम आडबाजूला पडतात. ज्या रस्त्यावरच्या माणसांनी थांबावं म्हणून मेंढा बांधला, तो रस्ताच निघून गेला. मालाला भाव नाही आणि रस्त्याला गाडी नाही, अशा अवस्थेत रॅम्बो जुन्या रस्त्यावर पंधरा वर्षं उभा राहिला.

आणि मग मे २००७ मध्ये गावानं काय केलं? ९७ टनांचा मेंढा उचलला, गाड्यावर चढवला आणि साधारण ८०० मीटर पलीकडे, नव्या महामार्गाच्या फाट्याजवळ पेट्रोल पंपाशेजारी नेऊन पुन्हा उभा केला. रस्ता आमच्याकडे येत नाही ना, मग आमचा मेंढा रस्त्याकडे जाईल! एखाद्या शिल्पाचं सौंदर्य वगैरे मला फारसं कळत नाही, पण ही गोष्ट मला सुंदर वाटते. जे लोक ह्याला रिकामटेकडेपणा म्हणतात त्यांनी पडत्या बाजारात एक दुकान चालवून दाखवावं.

मेंढ्यांची संख्या आज सात-साडेसात कोटींच्या आसपास आहे, म्हणजे तेव्हाच्या निम्म्याहूनही कमी. रॅम्बो मात्र तेवढाच आहे.

कोळंबीची कथा वेगळी आणि जास्त चीड आणणारी. बॅलिना हे न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाकडचं मासेमारीचं बंदर. १९८९ साली तिथे महामार्गावरच्या थांब्यावर ३५ टनांची कोळंबी बसवली गेली, पुन्हा त्याच मोकानी बंधूंची. (रंग लालसर नारिंगी. आमची मालवणची वहिनी बघताक्षणी म्हणाली, "ही तर शिजलेली आहे!" पण डोळे टवकारून बसलीय, हेही खरं.) पुढे थांब्याला उतरती कळा लागली, रंग उडाला, आणि २००९ मध्ये स्थानिक परिषदेनं ती पाडायला परवानगी देऊन टाकली. वारसा नाही, उपयोग नाही, दिसायला वाईट, मग ठेवायची कशाला? हिशेब सरळ होता. गावकऱ्यांनी तो मान्य केला नाही. सह्या गोळा झाल्या, आरडाओरडा झाला. शेवटी तिथे जागा घेणाऱ्या बनिंग्ज ह्या हार्डवेअरच्या दुकानवाल्यांनी सुमारे चार लाख डॉलर खर्चून ती दुरुस्त केली. २०१३ मध्ये ती पुन्हा उभी राहिली आणि मूळची नसलेली शेपटीसुद्धा तिला मिळाली.

ह्यात आनंद मानावा की नाही, मला अजून ठरवता येत नाही. कोळंबी वाचली हे उत्तमच. पण तिला वाचवायला खिळे-स्क्रू विकणाऱ्या कंपनीचं पार्किंग यावं लागलं, आणि ज्या संस्थेनं गावाच्या वतीनं सांभाळायचं तिनं पाडायची परवानगी दिली. गंमत म्हणजे त्याच दशकात, २००७ साली, ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्यानं ह्याच 'मोठ्या वस्तूं'ची पाच तिकिटं काढली होती. त्यात गोलबर्नचा मेंढाही होता, किंग्स्टनचा लॉबस्टरही. २०२३ मध्ये तर ह्यांची एक डॉलरची नाणी निघाली. म्हणजे तिकिटावर छापताना हा राष्ट्राचा लाडका ठेवा, आणि रंगाच्या डब्याचे पैसे मागितले की बटबटीत! हे दुटप्पी धोरण मला ओळखीचं वाटतं. शेतकऱ्याचं चित्र कॅलेंडरवर लावायचं आणि भावाचं नाव काढलं की अर्थशास्त्र शिकवायचं.

रसिकतेचा प्रश्न ज्यांना फारच छळतो त्यांच्यासाठी जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण हा वाद तिथे आपल्या आधी होऊन गेलाय. १९३१ साली न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर मार्टिन मॉरर नावाच्या बदकपालकानं बदकाच्याच आकाराचं दुकान बांधलं आणि त्याच्या पोटात बसून बदकं आणि अंडी विकली. १९६४ मध्ये पीटर ब्लेक ह्या वास्तुसमीक्षकानं देशाचा कसा उकिरडा झालाय हे दाखवणारं पुस्तक लिहिलं, त्यात हे बदक होतं. आठ वर्षांनी रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनोर ह्यांनी त्याच बदकावरून इमारतींच्या एका अख्ख्या प्रकारालाच 'बदक' हे नाव दिलं, आणि वास्तुकलेचे विद्यार्थी ते आजही शिकतात. १९९७ मध्ये ते सरकारी वारसा यादीत गेलं. त्याच्याही आधीची, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरची ल्यूसी हत्तीण, १८८१ साली चक्क प्लॉट विकायला बांधलेली, लाकूड आणि पत्र्याची. १९७० मध्ये ती पाडायची वेळ आली तेव्हा लोकांनी वर्गणी काढून तिला हलवलं, आणि १९७६ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक झाली. तेव्हा 'किच' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. तुमची नातवंडं ह्यांच्यावर प्रबंध लिहिणार आहेत.

सगळेच प्राणी मला आवडतात असं मात्र समजू नका. व्हिक्टोरियात डॅड्सवेल्स ब्रिज नावाच्या वस्तीत १४ मीटरचा एक कोआला बसलाय. त्याची नजर बघून आमच्या धाकट्यानं भोकाड पसरलं होतं, आणि मला त्याचं म्हणणं पटलं. पण माझी नावड त्याच्या चेहऱ्यामुळे नाही. कोआलानं त्या वस्तीला कधी पोसलेलं नाही. तो पाहुण्यांना काय आवडेल ह्याचा अंदाज बांधून आणलेला प्राणी आहे, एअरपोर्टवरच्या दुकानातल्या कोआलासारखाच, फक्त मोठा. किंग्स्टनच्या लॉबस्टरचं तसं नाही. १९७९ चा, १७ मीटर उंच, पॉल केलीनं (गायक नव्हे, दुसरा) रचलेला. त्या गावाच्या बोटी खरोखर लॉबस्टर पकडायलाच समुद्रात जातात. नकाशावरचे फूट कुणीतरी मीटर समजलं म्हणून तो एवढा मोठा झाला, अशी दंतकथा लोक तिथे हसत हसत सांगतात. खोटी आहे, पण गावाला स्वतःवर हसता येतं हे त्यातून कळतं. कॅनबेरात २०२२ साली आलेला मॅगपाय पक्षीही मला मान्य आहे. तो कुणाचं पोट भरत नाही, पण वसंतात डोक्यावर झडप घालून त्यानं प्रत्येक सायकलवाल्याला कधी ना कधी पळवलेलं आहे. म्हणजे नातं आहे! माझी कसोटी एवढीच. ह्या प्राण्याचं आणि ह्या गावाचं काही देणंघेणं आहे का?

एक आक्षेप मात्र असा आहे की तो हसण्यावारी नेता येत नाही, आणि तो मला कुणा रसिकानं नाही, माझ्या मुलीनं घातला. मेंढ्या इथल्या नाहीतच. मेरिनो मेंढ्या १७९७ मध्ये आफ्रिकेच्या टोकावरून बोटीनं आल्या. पुढच्या काही दशकांत गोऱ्यांचे कळप जसजसे आत सरकत गेले तसतसे गंडुंगरा आणि इतर मूळ लोक आपल्या पाणवठ्यांवरून, शिकारीच्या रानांतून हुसकले गेले. गोलबर्नचा परिसर त्यांचाच. मग ज्याच्या खुरांखाली ही जमीन गेली त्याचाच पन्नास फुटी पुतळा? तिचं म्हणणं बरोबर आहे. मी त्यावर एवढंच म्हणते की जमीन मेंढीनं घेतली नाही, कळपाच्या मालकांनी घेतली. त्यांची नावं आजही रस्त्यांना, उपनगरांना, शाळांना आहेत, ब्राँझमध्ये आणि संगमरवरात आहेत, आणि तिथे हा प्रश्न विचारायला माणसाला धीर लागतो. मेंढ्याखाली उभं राहून तो सहज विचारता येतो. नऊ वर्षांच्या पोरीनं विचारला. रॅम्बोच्या नावानं कुणाच्या भावना दुखावत नाहीत, बंदोबस्त लागत नाही, त्याला हार घालावा लागत नाही. उद्या त्याच्या पायाशी गंडुंगरांच्या बाजूची हकिगत मोठ्या अक्षरांत लिहिली तर त्याची मान खाली जाणार नाही. लिहावीच, आणि शेजारी १९९१ सालचे खड्डेही लिहावेत.

आणि आपण कोणत्या तोंडानं हसतो? मोठं बांधायचं वेड आपल्याला नवीन आहे का? १८२ मीटरचा पुतळा बघायला आपण नर्मदेकाठी रांगा लावून जातोच की. गल्लीतल्या मंडळाचा गणपती शेजारच्या मंडळापेक्षा दोन फूट उंच हवा म्हणून वर्गणी वाढवणारे आपण. फरक इतकाच की आपण मोठं बांधतो ते देवाचं आणि थोरांचं. ज्याच्या जिवावर जेवलो त्याचं मोठं करायची रीत आपल्याकडेही होती, ती वर्षातून एका सणापुरती उरली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, बोजारा गोळा करतात. काही बैल तर पोरापेक्षा उंच असतात, दोन जणांना ओढावे लागतात. त्या बैलाला कुणी किच म्हणालेलं मी ऐकलं नाही. म्हणून पाहावं, आमची आजी होती तोवर तरी पायरी चढून परत जाता आलं नसतं.

ह्या नगर परिषदांकडे माझं मागणं फार मोठं नाही. शहरातल्या आर्ट गॅलरीसाठी जो दुरुस्तीचा पैसा निघतो त्यातला चिमूटभर ह्या प्राण्यांसाठी निघावा, आणि पाडायचा ठराव आणण्याआधी गावाला विचारावं. दुकानदाराच्या मर्जीवर कोळंबीचा रंग अवलंबून नसावा. आणि सल्लागार नेमून, अनुदान घेऊन, गावाशी काही संबंध नसलेला नवा डायनासोर कुठे उभा राहणार असेल, तर त्याला विरोध करायला पहिली सही माझी.

जाता जाता घरच्यांसाठी सूचना. डिसेंबरात जी मंडळी येणार आहेत त्यांना कॅनबेराला नेताना गोलबर्नला वीस मिनिटं थांबणार आहे. भाऊजी, तुम्हाला उतरायचं नसेल तर गाडीत बसा. एसी बंद असेल आणि सावली फक्त मेंढ्याची आहे.